मक्याचें पोटभरीचें कढण

गेल्या महिन्यांत आमच्या एका सभासद-बंधूंनीं पत्रद्वारें अशी पृच्छा केली कीं, "घरीं विजेचें मंद आंचेचें पात्र, ज्यास बाजारांत स्लो कुकर म्हणतात तें, आणलें आहे. त्यांत आमच्याच शेतांतील वाळला मका घालून कढण करूं पाहिलें. परंतु नऊ तास लोटले तरी दाणा चावत नाहीं. दोष पात्राचा कीं मक्याचा?" पत्र वाचून आम्हांस हंसूं आलें, कारण अगदीं हीच फजिती आमच्याहि घरीं होऊन गेली होती, व ती लपवून ठेवण्याचा आमचा विचार होता. आतां प्रश्न विचारलाच गेला आहे, तेव्हां सविस्तर उत्तर देणें प्राप्त आहे.

आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. दिवाळींत त्यांनीं हें पात्र आणून दिलें, व "रात्रीं घालून ठेवावें, सकाळीं तयार" एवढें सांगून ते परत गेले. आम्हीं खळ्यावरचाच पिवळा संकरित मका घेतला, धुतला, दिवसभर भिजविला, आणि पाणी, मीठ, कांदा व रुचीसाठीं दोन टोमॅटो घालून पात्राची कळ "मंद" या खुणेवर फिरविली. सकाळीं झांकण काढून पाहतों तों पाण्यास गोड वास सुटलेला, टोमॅटोचा लगदा झालेला, आणि दाणे मात्र जसेच्या तसे! सायंकाळपर्यंत आणखी ठेविलें. दाणे फुगले, परंतु साल चामड्यासारखी राहिली. आमच्या मातोश्रींनीं एक दाणा तोंडांत घालून पाहिला, बाहेर काढला, आणि त्या म्हणाल्या, "अरे, या गारगोट्या कशास शिजत घातल्यास? कोंबड्यांना घाल." मीठ व कांदा पडलेला तो मका कोंबड्यांसहि घालवेना, उकिरड्यावर गेला.

दोष पात्राचा नव्हता, मक्याचाहि नव्हता. मका आपल्या देशीं आला, पण तो शिजविण्याची त्याच्या माहेरची रीति त्याच्याबरोबर आली नाहीं, हें खरें कारण होय. तें सांगण्यापूर्वीं पात्राविषयीं थोडें सांगतों. कारण त्याच्याकडून काय मागावें व काय मागूं नये हें कळलें म्हणजे निम्मी निराशा टळते.

शिकागो येथील आयर्व्हिंग नॅक्सन नांवाच्या गृहस्थास १९४० सालीं या पात्राचें पेटंट मिळालें. त्याची आई लिथुआनियांतील आपल्या माहेरच्या आठवणी सांगत असे. ज्यू लोकांत शनिवार हा विश्रांतीचा वार. त्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं. म्हणून शुक्रवारीं सांजेस घरोघरचीं कडधान्यांचीं व मांसाचीं भांडीं भटारखान्यांत नेऊन ठेवीत, व विझत चाललेल्या भट्टीच्या उबेंत तीं रात्रभर शिजत. तीच ऊब विजेनें देतां येईल कीं काय, या विचारांतून हें यंत्र निघालें. पुढें १९७१ सालीं दुसऱ्या एका कंपनीनें तें क्रॉकपॉट या नांवानें बाजारांत आणलें, आणि मग तें घरोघर झालें. आपल्याकडेहि ही कल्पना परकी नाहीं. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालींच कोळशाच्या मंद आंचेवर चालणारा इकमिक कुकर काढला होता. आणि आपल्या चुलीचा वैल म्हणजे दुसरें काय? भाकऱ्या थापून होईपर्यंत वैलावरचें कोरड्यास आपोआप शिजून निघतें. मातोश्रींनीं तें पात्र पाहतांच "हा तर विजेचा वैल" असें त्याचें नामकरण केलें, व आमच्या घरीं तेंच नांव रूढ झालें आहे.

या पात्राच्या "मंद" व "तीव्र" अशा दोन खुणा असतात. दोहोंवरहि आंतील पाणी शेवटीं उकळण्याच्या किंचित् खालींच पोंचतें. फरक इतकाच कीं, एकींत तेथवर जाण्यास फार वेळ लागतो व दुसरींत कमी. अर्थात् खळखळून उकळण्याचें काम हें पात्र करीत नाहीं. जी वस्तु नुसत्या वेळानें मऊ होते ती तें उत्तम मऊ करतें. जिला प्रथम दुसरा कांहीं संस्कार लागतो तिच्यापुढें तें हतबल होतें. वाळला मका हा या दुसऱ्या वर्गांतला.

मक्याच्या दाण्याचें बाहेरचें कवच ज्या द्रव्यांनीं सांधलेलें असतें तीं साध्या पाण्यांत सहजीं विरघळत नाहींत. त्यांत आम्ही टोमॅटो घालून बसलों. आम्लानें तर तीं अधिकच घट्ट धरून राहतात. तुरीची डाळ चिंच आधीं घातली तर शिजत नाहीं हें आपल्या घरांतील कोणतीहि बाई सांगेल. आम्हीं विचारलें नाहीं एवढेंच. हीं द्रव्यें विरघळतात तीं क्षारानें, म्हणजे चुन्यानें किंवा राखेनें.

ही गोष्ट मेक्सिकोच्या लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं ओळखली. मका हें मूळचें त्यांचें पीक. तेथें वाळला मका चुन्याच्या पाण्यांत थोडा शिजवून रात्रभर तसाच ठेवितात, सकाळीं चोळून साल काढितात, आणि मग तो वाटून त्याच्या पोळ्या करितात किंवा अख्खाच ठेवून त्याचें दाट कढण करितात. या कढणास तेथें पोसोले म्हणतात, व चुन्यांतून काढलेल्या मक्यास निश्तामाल. या नांवाच्या पोटांत राख या अर्थाचा शब्द आहे; त्यावरून राखेची रीति किती जुनी आहे तें दिसतें. उत्तरेस, आजचें न्यूयॉर्क राज्य व कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत या बाजूस राहणारे हौडेनोशौनी लोक, ज्यांस युरोपियन लोक इरोक्वॉय म्हणत, हे कठीण लांकडाची चाळलेली राख वापरीत आले आहेत. राखेच्या पाण्यांत उकळलेला पांढरा मका विणलेल्या टोपलींत घालून ते वाहत्या पाण्यांत खळबळून धुतात. सालपटें वाहून जातात व दाणे टोपलींत राहतात. मग त्या दाण्यांत घेवड्याच्या जातीचें कडधान्य व खारविलेलें मांस घालून तासन् तास शिजवितात. मक्याचें पोटभरीचें कढण म्हणून जें सांगावयाचें तें हेंच.

आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट अशी कीं, कढणांतील हे जिन्नस त्यांच्या शेतांतहि एकत्रच असतात. मका, वेलीचा घेवडा व भोपळा यांस ते "तीन बहिणी" म्हणतात, आणि एकाच वाफ्यांत लावितात. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, घेवड्याच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र जमिनींत बांधतात, आणि भोपळ्याचीं पानें जमीन झांकून तण दाबतात व ओल राखतात. मिश्रपिकाची ही तजवीज आपल्या कोणत्याहि जाणत्या कुळवाड्यास पटेल. या पिकावर त्या लोकांचें जीवित किती अवलंबून होतें हें त्यांच्या शत्रूंसहि ठाऊक होतें. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत, १७७९ सालीं, जनरल सलिव्हन यास त्यांच्या मुलखावर पाठविण्यांत आलें तेव्हां त्यानें सुमारें चाळीस गांवें जाळलीं, आणि आपण १,६०,००० बुशेल मका नष्ट केला असा अहवाल दिला. बुशेल म्हणजे मक्याचे सुमारें २५ किलो. उभें पीक व भरलेलीं कणगीं जाळणें म्हणजे काय, हें शेतकऱ्यास समजावून सांगावें लागत नाहीं. तरीहि तें बियाणें कांहीं घरांनीं जतन केलें व तो पांढरा मका आजहि पेरला जातो.

आतां कोणी म्हणेल कीं, साल निघावी एवढ्यासाठीं चुन्याची यातायात कशास? गिरणींतून साल काढून आणावी. येथेंच खरी गोम आहे, आणि युरोपनें ती न ओळखल्यामुळें लाखों शेतकरी-मजुरांस भोंवली.

१४९२ नंतर मका अटलांटिक ओलांडून युरोपांत गेला. पीक भरघोस येई, म्हणून गरिबांनीं तो उचलला. परंतु चुना पलीकडेच राहिला. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ सालीं मका खाऊन राहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांतील एका नव्या रोगाचें वर्णन केलें. इटलींत १७७१ सालीं त्यास पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, हें नांव मिळालें. उन्हांत उघडी राहणारी हाता-मानेची कातडी काळवंडून फुटते, मग जुलाब लागतात, मग भ्रम होतो, व शेवटीं रोगी दगावतो. अमेरिकेच्या दक्षिण भागांत विसाव्या शतकाच्या आरंभीं या रोगानें कहर केला. रोग जंतूंचा असावा अशीच बहुतेकांची समजूत होती. १९१४ सालीं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस तपासासाठीं नेमण्यांत आलें. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, रोग्यांच्या सहवासांत राहणाऱ्या परिचारकांस तो मुळींच होत नाहीं. मग संसर्ग कोठचा? १९१५ सालीं मिसिसिपींतील एका तुरुंगाच्या शेतावर, माफीच्या बोलीवर पुढें आलेल्या कैद्यांस त्यांनीं मका, मैदा, भात, पाक अशा अन्नावर ठेविलें. कांहीं महिन्यांत त्यांतील सहा जणांस पेलाग्रा झाला. पुढें १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांनीं दाखविलें कीं, उणीव आहे ती नायासिन या जीवनसत्त्वाची.

चमत्कार असा कीं, नायासिन मक्यांत नसतें असें नाहीं. तें असतें, परंतु अशा रूपांत बांधलेलें असतें कीं, तें आपल्या पोटास लाभत नाहीं. चुना तें बंधन तोडतो. गिरणी साल काढील, पण तें बंधन तोडणार नाहीं. म्हणूनच मेक्सिकोंत मका हेंच मुख्य अन्न असूनहि तेथें हा रोग माजला नाहीं. शिवाय चुन्यांतील चुनखडीचें सत्त्व, म्हणजे कॅल्शियम, दाण्यांत उतरतें तें वेगळेंच. आणि घेवडा? आपलें शरीर ट्रिप्टोफॅन नांवाच्या द्रव्यापासून थोडेंबहुत नायासिन स्वतःहि बनवूं शकतें. हें द्रव्य मक्यांत फार थोडें, घेवड्यांत बरें. बहिणींना एका भांड्यांत आणण्यामागें केवळ चव नव्हती.

हा रोग फक्त परदेशांतला असें समजूं नये. हैदराबाद येथील डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी यांनीं १९६० सालीं दख्खनमधील ज्वारीवरच राहणाऱ्या गरीब लोकांतील पेलाग्राचा विचार मांडला होता. ज्याच्या पानांत डाळ, दूध व भाजी आहे त्यास भिण्याचें कारण नाहीं. परंतु सातपुड्याच्या बाजूस ज्या घरीं हिंवाळाभर मक्याची भाकरी व मिरचीचा ठेचा एवढेंच असतें, अशा घरचीं माणसें आपल्या शेतांवर मजुरीस येतात, हें आपण जाणतों. कापणीच्या वेळीं गड्यांस जेवण आपल्याच घरचें असतें.

असो. आतां कृतीकडे वळूं. तींतहि पहिली पायरी खळ्यावरची आहे, स्वयंपाकघरांतली नव्हे.

मका निवडतांना बुरशीचा एकहि दाणा घेऊं नये. १९७४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या जिल्ह्यांत काढणीच्या वेळीं अवेळीं पाऊस झाला. कणसें ओलीच घरांत भरलीं गेलीं, त्यांवर बुरशी चढली, आणि तो मका खाऊन लोकांस कावीळ होऊन पोटांत पाणी झालें. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. गांवांतील कुत्रींहि तेंच अन्न खाऊन मेलीं. या बुरशीच्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. तें उकळून जात नाहीं, दहा तास मंद आंचेवर ठेवूनहि जात नाहीं. चुन्यानें कांहीं अंशीं कमी होतें, पण त्या भरंवशावर राहणें वेडेपणाचें होय. हिरवट, काळसर वा कुबट वासाचा मका कोणाच्याहि पोटांत जाऊं देऊं नये, जनावरांच्याहि. दाणा दातांखालीं कटकन् फुटेल इतका, शेंकडा १२-१३ ओलीपर्यंत, वाळलेला असावा. आणखी एक सूचना, जी लिहितांनाहि संकोच वाटतो, पण लिहिली पाहिजे: पेरून उरलेलें पिशवींतील गुलाबी रंगाचें बियाणें धुवून वापरण्याचा मोह होऊं देऊं नये. तो रंग विषारी औषधाची खूण आहे, व धुतल्यानें औषध जात नाहीं.

सहा माणसांसाठीं मका ३०० ग्रॅम घ्यावा. खाण्याचा चुना, म्हणजे पानास लावतात तो पांढरा, रंग वा सुवास न घातलेला, ओला असल्यास एक लहान चमचा भरून घ्यावा. कोरडी पूड असल्यास अर्धा चमचा, म्हणजे सुमारें ३ ग्रॅम, पुरे. भिंतीस देण्याचा चुना कदापि घेऊं नये. आम्हीं पहिल्या वेळीं मातोश्रींच्या पानाच्या डब्यांतीलच चुना मागून घेतला. भांडें स्टीलचें किंवा मुलाम्याचें शाबूत असावें. ॲल्युमिनियमच्या भांड्यास चुना खातो व त्याचा अंश अन्नांत उतरतो. दीड लिटर पाण्यांत चुना कालवून तें पाणी गढूळच मक्यावर घालावें. आपल्याकडे चुन्याची निवळी घेण्याची संवय आहे, पण येथें ती नको. दाणा चुना पीत जातो तसतसा तळाचा चुना पाण्यांत उतरावा लागतो. हात घालून ढवळूं नये, पळी घ्यावी. चुना डोळ्यांत उडूं देऊं नये.

हें भांडें चुलीवर ठेवून उकळी आल्यापासून पाऊण तास मध्यम आंचेवर राहूं द्यावें. थोड्याच वेळांत पिवळा मका गर्द केशरी होतो आणि एक विशेष खमंग मातकट वास सुटतो. हा वास आला कीं रीति बरोबर चालली आहे असें समजावें. मग खालीं उतरवून झांकून रात्रभर ठेवावें. सकाळीं एक दाणा बोटांत चोळून पाहावा. साल बुळबुळीत होऊन निसटली पाहिजे. न निसटल्यास आणखी पाव तास उकळावें. मग रोवळींत घालून, तळहातांनीं चांगला चोळून, चार पाण्यांनीं धुवावा. शेवटच्या पाण्याचा स्पर्श बुळबुळीत लागतां कामा नये. चुना राहिला तर कढणास साबणासारखी चव येते. दाण्याच्या टोंकाचें काळें नाक खुडून काढलें तर शिजतांना दाणा फुलासारखा उमलतो. पण हें काम किचकट आहे. घरांत मुलें रिकामीं असतील तरच काढावें.

घेवडा १५० ग्रॅम घ्यावा. कोरेगांवकडील वाघ्या घेवडा मिळाल्यास त्याच्या चवीस तोड नाहीं. न मिळाल्यास राजमा. येथें पुन्हां सावध केलें पाहिजे. या जातीच्या कडधान्यांत, विशेषतः तांबड्या राजम्यांत, कच्चेपणीं असें एक द्रव्य असतें कीं, त्यानें दोन-तीन तासांत जबर ओकाऱ्या व जुलाब होतात. खळखळून उकळल्यानें तें नाहींसें होतें, पण मंद पात्राच्या अपुऱ्या उष्णतेनें होत नाहीं. किंबहुना अर्धवट तापविल्यानें त्याचा उपद्रव वाढतो असें आढळून आलें आहे. म्हणून घेवडा रात्रभर भिजवून तें पाणी ओतून द्यावें, नव्या पाण्यांत चुलीवर अर्धा तास खळखळून उकळावा, तें पाणीहि टाकावें, आणि मगच तो पात्रांत जाऊं द्यावा. "मंद पात्रांत सर्व कांहीं एकदम घालून निजावें" असें जें सांगण्यांत येतें तें या एका जिनसापुरतें तरी धोक्याचें आहे.

आतां एकत्र करणें. दोन मध्यम कांदे व लसणाच्या आठ-दहा पाकळ्या थोड्या तेलावर तांबूस परतून घ्याव्या. मांस खाणाऱ्यांनीं पाव किलो हाडासहित मटण याच तेलांत परतावें. मांस न खाणाऱ्यांनीं भाजलेल्या शेंगदाण्यांचें कूट दोन मुठी घ्यावें. त्यानें अंगास दाटपणा व स्निग्धता येते. धुतलेल्या मक्यापैकीं एक वाटी पाट्यावर जाडसर वाटून घ्यावा, बाकीचा अख्खा ठेवावा. या वाटलेल्या मक्यावरच कढणाचें कढणपण अवलंबून आहे. त्यावांचून पाण्यांत पोहणारे दाणे असा प्रकार होतो. मका, घेवडा, कांदा व दोन लिटर पाणी चुलीवर एक उकळी आणून मग पात्रांत ओतावें. मात्र पात्राचें आंतील भांडें चिनीमातीचें असतें. तें आधीं कोमट पाण्यानें विसळून ऊन करावें, नाहींतर उकळतें पडतांच तडा जातो. मीठ, दहा-बारा मिरीं व तमालपत्राचीं दोन पानें घालून झांकण ठेवावें. "तीव्र" खुणेवर पांच-सहा तास, "मंद" खुणेवर नऊ-दहा तास लागतात. झांकण वारंवार उघडूं नये. दरवेळीं कोंडलेली वाफ जाते व पाव-अर्धा तास वाया जातो.

तांबडा भोपळा ३०० ग्रॅम, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून, शेवटच्या दोन तासांत घालावा. आधीं घातला तर तो विरघळून नाहींसा होतो. कित्येकांस तसेंच आवडतें, त्यांनीं आधीं घालावा. उतरतांना जिरें, ठेचलेला लसूण व दोन सुक्या मिरच्यांची फोडणी द्यावी. लिंबू ज्यानें त्यानें आपल्या वाटींत पिळावें. पात्रांत पिळूं नये, याचें कारण वर आलेंच आहे. कोथिंबीर असल्यास घालावी. सोबत ज्वारीची भाकरी कुसकरून खाल्ल्यास दुसऱ्या कशाची गरज उरत नाहीं.

विजेचा हिशेब पाहूं जातां, असें पात्र सुमारें २०० वॅटचें असल्यास दहा तासांस दोन युनिट जळतात. खर्च मोठा नाहीं, परंतु आपल्या खेड्यांत प्रश्न खर्चाचा नसून विजेच्या भरंवशाचा आहे. रात्रीं पात्र लावून निजावें, मध्यरात्रीं वीज जावी, आणि पहांटे कोमट कढण हातीं यावें, हा अनुभव आम्ही घेतला आहे. कोमट अन्नांत जंतू झपाट्यानें वाढतात. वीज किती वेळ गेली होती हें ठाऊक नसेल तर तें अन्न टाकून देणें हाच शहाणपणा. म्हणून हें काम आम्ही आतां दिवसा करतों. वीज गेली कीं भांडें चुलीवर येतें.

ज्यांजकडे हें पात्र नाहीं त्यांनीं त्यासाठीं अडून राहूं नये. वैल आहेच. शिवाय पेंढ्याची पेटी ही युक्ति चांगली उपयोगी पडते. जाड बुडाच्या पातेल्यांत कढण पंधरा-वीस मिनिटें खळखळून उकळावें, झांकण घट्ट बसवावें, आणि भाताच्या पेंढ्यानें किंवा कडब्याच्या कुट्टीनें भरलेल्या मोठ्या टोपलींत मधोमध खळगा करून पातेलें त्यांत बसवावें. भोंवतीं वींतभर पेंढा दाबावा, वरून गोधडी घालावी. तीन तासांनीं काढून पुन्हां उकळी द्यावी व परत ठेवावें. असें दोनदां केलें कीं काम होतें. जळण फार थोडें लागतें, आणि घरची बाई मधल्या वेळांत शेतावर जाऊन येऊं शकते. उरलेलें कढण उथळ भांड्यांत लवकर निववून शीतपेटींत ठेवावें, व दुसऱ्या दिवशीं चुलीवर उकळूनच खावें. विजेच्या पात्रांत तें पुन्हां तापवूं नये, कारण तें फार सावकाश तापतें.

आपल्याकडे ओलीं कणसें भाजून खाल्लीं कीं मक्याशीं आपला संबंध संपतो. बाकीचा माल कोंबड्यांच्या खाद्यास, स्टार्चच्या कारखान्यांस, आणि अलीकडे मद्यार्कासाठीं जातो; भाव पडला कीं आपण हात चोळीत बसतों. एका कढणानें बाजार उठणार नाहीं, हें आम्हीं जाणतों. परंतु घरच्या पोत्यांतील पांच-दहा किलो मका घरच्या माणसांच्या पोटांत जावा, व तो अंगीं लागेल अशा रीतीनें जावा, एवढें करणें प्रत्येकाच्या हातीं आहे. येत्या खरिपांत विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत पांढरा मका, वेलीचा घेवडा व भोपळा एकत्र लावून पाहण्याचा आमचा विचार आहे. मका गुडघ्याएवढा झाल्यावरच घेवडा टोकावयाचा, नाहींतर वेल ताटास लोळवितो, असें जाणकार सांगतात. अनुभव आल्यावर कळवूं.

दुसऱ्या वेळचें कढण चुन्याच्या रीतीनें केलें तेव्हां मातोश्रींनीं, ज्यांच्या तोंडांत आतां चारच दात आहेत, दोन वाट्या घेतल्या व तिसरी मागितली. हा लेख लिहीत असतां त्या शेजारींच बसल्या होत्या. काय लिहितोस म्हणून विचारलें, तें वाचून दाखविलें. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "चुना माझ्या डब्यांतला होता, तें लिहिलंस का?"